हायड्रोजनच्या गाडीतला वापसा : इंधन घटातलं पाणी आणि उष्णता



हायड्रोजनवर चालणाऱ्या गाडीबद्दल आपल्या मुलांना एक वाक्य पाठ असतं : "या गाडीतून धूर निघत नाही, फक्त पाणी निघतं." निबंधात ते येतं, विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यावर येतं, वक्तृत्व स्पर्धेत तर हमखास येतं. वाक्य खरं आहे. पण त्यातला 'फक्त' हा शब्द जरा फसवा आहे. हे पाणी नेमकं कुठे तयार होतं? किती होतं? ते वेळेवर बाहेर पडलं नाही तर काय? आणि सगळंच बाहेर पडलं तर काय? एवढं विचारलं की वर्ग गप्प होतो. शिवाय पाण्याच्या जोडीला भरपूर उष्णताही निघते. तिचं तर त्या वाक्यात नावच नसतं.

खरं सांगायचं तर अशी गाडी बनवणाऱ्यांचं डोकं याच दोन गोष्टींनी खाल्लेलं असतं. पाणी सांभाळा आणि उष्णता सांभाळा. आपल्या हर्सूलसारख्या ठिकाणी, जिथे मे महिन्यात पारा ४२ अंशांपर्यंत जातो, तिथे हे काम आणखी अवघड होतं. कसं, ते आज टप्प्याटप्प्याने पाहू. लागणारं गणित आठवी-नववीच्या मुलांना जमेल एवढंच आहे.

घटात घडतं काय?

इंधन घट, म्हणजे बोलण्यातला 'फ्युएल सेल', यात काहीही जळत नाही. एक पातळ पडदा असतो. त्याच्या एका बाजूने हायड्रोजन येतो, दुसऱ्या बाजूने साधी हवा. पडद्याच्या दोन्ही अंगांना प्लॅटिनमयुक्त उत्प्रेरकाचा थर असतो. हायड्रोजनच्या बाजूला हा उत्प्रेरक हायड्रोजनचे दोन भाग करतो : प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन. पडदा प्रोटॉनला वाट देतो, इलेक्ट्रॉनला देत नाही. मग इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून फिरून जातात. हीच आपली वीज. पलीकडे हवेतला ऑक्सिजन, आलेले प्रोटॉन आणि फिरून आलेले इलेक्ट्रॉन एकत्र येतात आणि पाणी तयार होतं.

तेव्हा मुलांना पहिली गोष्ट ठसवा : पाणी सायलेन्सरमध्ये तयार होत नाही. ते पडद्याला चिकटून, हवेच्या बाजूला, केसापेक्षा बारीक छिद्रांमध्ये तयार होतं. पुढच्या सगळ्या कटकटीचं मूळ इथेच आहे.

सिद्धांतानुसार एका घटातून सुमारे १.२३ व्होल्ट मिळायला हवेत. प्रत्यक्ष काम करताना ०.६ ते ०.७ व्होल्टच मिळतात. उरलेलं जातं कुठे? त्याची उष्णता होते. म्हणून ढोबळ हिशेब असा धरा : हायड्रोजनमधली निम्मी ऊर्जा वीज म्हणून मिळते, निम्मी उष्णता म्हणून. एका घटाचे व्होल्ट इतके कमी असल्यामुळे गाडीत शेकडो घट वह्यांच्या गठ्ठ्यासारखे एकावर एक रचतात. त्या रचनेला 'स्टॅक' म्हणतात.

पुण्याच्या गाडीवरून हिशेब

उदाहरण दूरचं कशाला, आपल्या महाराष्ट्रातलंच घेऊ. पुण्याची केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर, म्हणजे त्यातल्या पुण्याच्या पाषाणमधली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि कारैकुडीची विद्युतरासायनिक संशोधन संस्था, यांनी मिळून इंधन घटावर चालणारी एक नमुना कार तयार केली. ऑक्टोबर २०२० मध्ये तिच्या यशस्वी चाचणीची बातमी आली. तिच्यातला स्टॅक १० किलोवॅटचा होता आणि ६५ ते ७५ अंश सेल्सिअस तापमानाला चालणारा होता. टाकीत १.७५ किलो हायड्रोजन मावत होता आणि त्यावर गाडी सुमारे २५० किलोमीटर जाईल असा अंदाज दिला होता. पुढे २१ ऑगस्ट २०२२ ला याच जोडीने तयार केलेल्या बसचं पुण्यात लोकार्पण झालं.

आता फळ्यावर मांडा. हायड्रोजनचे २ ग्रॅम आणि ऑक्सिजनचे १६ ग्रॅम मिळून पाण्याचे १८ ग्रॅम. म्हणजे हायड्रोजनच्या वजनाच्या नऊपट पाणी. टाकीतला १.७५ किलो हायड्रोजन संपेपर्यंत या कारमध्ये जवळजवळ पावणेसोळा लिटर पाणी तयार होणार. चांगली भरलेली बादली झाली की! त्यातलं बरंच वाफ होऊन जातं, म्हणून रस्त्यावर मात्र थेंबच दिसतात.

आता मोठ्या बसचा हिशेब. समजा स्टॅक ६० किलोवॅट वीज देतो आहे. निम्मी-निम्मी वाटणी धरली तर उष्णताही ६० किलोवॅट. घरातला पाणी तापवायचा रॉड साधारण दीड किलोवॅटचा असतो. म्हणजे बसच्या पोटात असे ४० रॉड सतत चालू आहेत असं समजा. तासाला साधारण ३.६ किलो हायड्रोजन लागेल आणि ३२ लिटरच्या आसपास पाणी तयार होईल. हे पाणी वाफ होऊन बाहेर गेलं तर ठीक. आतच थंड होऊन पुन्हा पाणी झालं, तर वाफेतली अप्रकट उष्णताही आतच सुटते. ती आणखी २० किलोवॅटच्या घरात जाते. पाणी आणि उष्णता हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, हे या आकड्यावरून मुलांना पटेल.

पडदा ओलाच का हवा?

या घटांमधला पडदा म्हणजे एक खास प्लॅस्टिक. नॅफिऑन हे त्याचं सगळ्यात परिचित नाव. हा पडदा कोरडा असला तर प्रोटॉनला जवळपास अडवून धरतो. त्यात पाणी मुरलं की आत पाण्याचे अतिसूक्ष्म मार्ग तयार होतात आणि त्यातून प्रोटॉन सरकतात. शिवाय जाताना प्रत्येक प्रोटॉन आपल्याबरोबर पाण्याचे एक-दोन रेणू ओढून नेतो. परिणाम काय? हायड्रोजनची बाजू कोरडी पडत जाते आणि हवेच्या बाजूला पाणी साचत जातं. साचलेल्या पाण्यापैकी काही पडद्यातून मागे झिरपतं. ओढून नेलेलं आणि मागे झिरपलेलं यांचा मेळ बसला तर ठीक.

पडदा कोरडा पडला की त्याचा रोध वाढतो. रोध वाढला की उष्णता वाढते. उष्णता वाढली की तो आणखी कोरडा पडतो. असं हे दुष्टचक्र. एखादा भाग फार तापला तर तिथे पडद्याला भोक पडू शकतं आणि हायड्रोजन व हवा एकमेकांत मिसळू लागतात. ओलं-कोरडं, ओलं-कोरडं असं सारखं होत राहिलं तरीही पडदा फुगून-आकसून त्याला भेगा पडतात. ज्वारीचं पीठ कमी पाण्यात मळलं की भाकरी थापताना कडेला चिरते, तसंच काहीसं.

आणि जास्त झालं तर?

मग पूर. अक्षरशः. या क्षेत्रातले लोकही याला 'फ्लडिंग' म्हणजे पूर येणं असंच म्हणतात. बारीक छिद्रांमध्ये पाणी बसलं की ऑक्सिजनला उत्प्रेरकापर्यंत पोचता येत नाही. घटाचे व्होल्ट एकदम पडतात. हायड्रोजनच्या बाजूची वाट तुंबली तर आणखी वाईट, कारण हायड्रोजनवाचून उपाशी राहिलेल्या घटात थराचा आधार असलेला कार्बनच झिजू लागतो. एकामागे एक जोडलेल्या शेकडो घटांपैकी एक घट जरी बिघडला, तरी सगळ्या रांगेला त्रास होतो.

शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला हे समजवायला एकच शब्द पुरे : वापसा. पावसानंतर लगेच पेरणी करत नाहीत, कारण चिखलात मुळांना हवा मिळत नाही. फार उशीरही करत नाहीत, कारण ओल उडून जाते. मातीच्या कणांमध्ये ओलही आहे आणि हवाही खेळते आहे, ती मधली स्थिती म्हणजे वापसा. पाणी साचलेल्या रानात कपाशी पिवळी पडते, ती काही पाण्यावाचून नाही, मुळांशी हवा नाही म्हणून. इंधन घटातल्या त्या कार्बनच्या थराचंही हेच आहे. पडद्याला ओल हवी आणि छिद्रांतून हवा खेळायला हवी. फरक एवढाच, की शेतात वापसा वर्षातून काही वेळा साधायचा असतो आणि गाडीत तो दर सेकंदाला साधावा लागतो.

हे साधतात कसं? कार्बनच्या कागदासारख्या थराला टेफ्लॉनचा लेप देतात. अळवाच्या पानावर पाणी थांबत नाही, तसं या थरातल्या छिद्रांत पाणी पसरून बसत नाही, थेंब होऊन बाहेर ढकललं जातं. मग वायूच्या बारीक नळ्या, ज्या पट्टीवर कोरलेल्या असतात, त्यातून वाहणारी हवा ते थेंब वाहून नेते. हायड्रोजनच्या बाजूची झडप थोड्या थोड्या वेळाने उघडून तिथलं साचलेलं पाणीही बाहेर फुंकतात. शहराच्या उत्तरेकडून, आपल्या हर्सूलच्या बाजूने मलिक अंबरने सतराव्या शतकात आणलेल्या नहरींवर जागोजागी मनोरे आहेत. पाण्याच्या वाटेत अडकलेली हवा आणि दाब सोडण्यासाठी त्यांचा उपयोग. घटात उलटं असतं : हवेच्या वाटेत अडकलेलं पाणी सोडावं लागतं. सहल पाणचक्कीला नेलीत तर ही तुलना तिथेच सांगा.

मे महिन्याची हवा आणि श्रावणाची हवा

दहावीच्या 'उष्णता' या पाठात सापेक्ष आर्द्रता आणि दवबिंदू शिकवतो आपण. "याचा उपयोग काय?" असं विचारणाऱ्याला हे उदाहरण द्या.

हवा जितकी गरम, तितकी जास्त वाफ तिच्यात मावते. संपृक्त वाफेचा दाब २५ अंशांना सुमारे ३.२ किलोपास्कल, ४० अंशांना ७.४ आणि ७० अंशांना ३१.२ असतो. आता मे महिन्यातली दुपार घ्या : ४० अंश, सापेक्ष आर्द्रता २० टक्के. म्हणजे हवेतल्या वाफेचा दाब १.५ किलोपास्कल. हीच हवा घटात शिरून ७० अंशांची झाली की तिची सापेक्ष आर्द्रता किती? १.५ भागिले ३१.२, म्हणजे जेमतेम ५ टक्के. अशी हवा पडद्यावरून गेली तर दोरीवरचे कपडे वाळावेत तसा पडदा वाळेल.

मुलं म्हणतील, मग पावसाळ्यात गाडी मजेत चालत असेल. करायला लावा गणित : २५ अंश, ९० टक्के आर्द्रता. वाफेचा दाब सुमारे २.९. भागिले ३१.२. उत्तर ९ टक्के! आपल्याला चिकचिक वाटणारी श्रावणातली हवाही घटाच्या दृष्टीने कोरडीच आहे. कॉम्प्रेसरने हवा दाबून आत सोडतात, त्यामुळे हे आकडे थोडे वाढतात, पण पुरेसे नाही.

म्हणून बऱ्याच गाड्यांमध्ये आर्द्रता देणारं एक उपकरण असतं. घटातून बाहेर पडणारी हवा ओलीचिंब असते. तिच्यातली ओल एका पडद्यामार्फत आत जाणाऱ्या कोरड्या हवेला देतात. बाहेरून पाण्याचा थेंबही लागत नाही. टोयोटाच्या मिराई या २०१४ च्या कारमध्ये तर हे उपकरणही नव्हतं. घटात तयार झालेलं पाणीच आतल्या आत फिरवून पडदा ओला ठेवण्याची रचना त्यांनी केली.

उष्णतेचा खरा पेच

आता मुलांचा हमखास प्रश्न : "पेट्रोलचं इंजिन तर कितीतरी जास्त तापतं, मग इंधन घटाला थंड करणं सोपं नाही का?" वाटतं तसं, पण उलट आहे. कारणं दोन.

पहिलं, पेट्रोल इंजिनात इंधनाच्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा गरम धुरावाटे सायलेन्सरमधून निघून जातो. इंधन घटातून बाहेर पडणारी हवा ७०-८० अंशांचीच असते, ती फार उष्णता नेत नाही. म्हणून जवळपास सगळा भार रेडिएटरवर.

दुसरं, रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो, ते त्याच्या आणि बाहेरच्या हवेच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असतं. इंजिनाचं पाणी ९५ अंशांचं, बाहेर ४२ : फरक ५३. घटाचं पाणी ७० अंशांचं, बाहेर ४२ : फरक २८. जवळजवळ निम्मा! म्हणजे तेवढीच उष्णता टाकायला दुप्पट क्षमतेचा रेडिएटर किंवा जोरदार पंखे हवेत. डिसेंबरच्या पहाटे बाहेर १५ अंश असताना हाच फरक ५५ होतो. तीच गाडी, पण हिवाळ्यात निवांत आणि मे महिन्यात घामाघूम.

मग घट १०० अंशांना का नाही चालवायचा? कारण पाणी उकळून जाईल आणि पडदा कोरडा पडेल. ४० अंशांना? मग पाणी वाफ होऊन जाणार नाही, पूर येईल, आणि उष्णता टाकायला तापमानाचा फरकही उरणार नाही. म्हणून साधारण ६० ते ८० ही अरुंद पट्टीच धरून राहावं लागतं.

रस्त्यावर हे कसं दिसेल? चाळीसगावहून कन्नडकडे औट्रम घाट चढणारी भरलेली बस घ्या. वीज भरपूर लागते म्हणून उष्णता जास्त, वेग कमी म्हणून रेडिएटरला वारा कमी. पडदा कोरडा पडायचा धोका. तीच बस क्रांती चौकात वाहतुकीत अडकली की वीज थोडीच लागते, घटातून हवा सावकाश वाहते आणि पाण्याचे थेंब वाहून नेण्याचा जोर राहत नाही. आता पुराचा धोका. एकाच फेरीत दोन्ही टोकं! म्हणून पंप, पंखा, कॉम्प्रेसर आणि झडपा यांचा ताळमेळ संगणकाला सतत ठेवावा लागतो.

थंड करायचं पाणीही भरपूर फिरवावं लागतं. ६० किलोवॅट उष्णता न्यायची आणि पाण्याचं तापमान १० अंशांनीच वाढू द्यायचं, तर मिनिटाला सुमारे ८६ लिटर. आणि यात बोअरचं पाणी चालत नाही बरं का. क्षारांमुळे ते वीज वाहून नेतं. शेकडो व्होल्टच्या स्टॅकमधून ते फिरलं तर वीज भलतीकडेच झिरपेल. म्हणून क्षार काढलेलं पाणी किंवा खास शीतक वापरतात, आणि त्यात नव्याने उतरणारे क्षार काढायला वेगळा फिल्टर लावतात.

इतरांनी काय वाट काढली?

अंबरनाथला डीआरडीओची नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळा आहे. पाणबुडीला जास्त काळ पाण्याखाली राहता यावं म्हणून तिथे इंधन घटाची यंत्रणा तयार झाली आणि ८ मार्च २०२१ ला तिचा जमिनीवरचा नमुना यशस्वी ठरला. तिथले घट फॉस्फोरिक आम्लाचे आहेत. असे घट साधारण १५० ते २०० अंशांना चालतात. प्रोटॉनला वाट द्यायला आम्ल असतं, त्यामुळे ओलसर पडद्याची गरज नाही, आणि पाणी वाफ होऊनच निघतं. पुराचा प्रश्न संपला! पण फुकट काहीच नसतं : सुरू करण्याआधी घट तापवावा लागतो, आणि शुद्ध फॉस्फोरिक आम्ल ४२ अंशांच्या खाली गोठतं, म्हणून बंद असतानाही जपावं लागतं.

लेहसारख्या ठिकाणी प्रश्न पुन्हा वेगळा. तिथे घटात राहिलेलं पाणी रात्री गोठून छिद्रं फोडू शकतं. म्हणून गाडी बंद करताना आतलं पाणी हवेने फुंकून काढावं लागतं.

आणि अपोलो यानांमध्ये हेच पाणी अंतराळवीर पीत होते. एप्रिल १९७० मध्ये अपोलो-१३ ची ऑक्सिजनची टाकी फुटली, काही तासांत इंधन घट बंद पडले. वीज तर गेलीच, पण पिण्याचं पाणी तयार होणंही थांबलं. उरलेल्या पाण्यावर यंत्रं थंड ठेवायची आणि तहानही भागवायची होती. वीज, पाणी आणि उष्णता एकाच दोरीने कशी बांधलेली असतात, ते यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

वर्गात करून बघा

१. टिपकागद मिठाच्या पाण्यात भिजवा. त्यावर थोड्या अंतरावर दोन खिळे ठेवून ९ व्होल्टची बॅटरी, छोटा रोध आणि एलईडी जोडा. दिवा मंद पेटेल. कागद पंख्याखाली वाळू द्या, दिवा विझत जाईल. इथे मिठाचे आयन सरकतात, घटात प्रोटॉन, पण ओल गेली की वाट बंद, हे दोन्हीकडे खरं.

२. झाकण असलेल्या दोन सारख्या स्टीलच्या डब्यांत एकात ७० आणि एकात ५० अंशांचं पाणी घ्या. गरम पाणी शिक्षकांनीच ओतावं. प्रत्येकाला ५ अंश खाली यायला किती वेळ लागतो, मोजा. रेडिएटरचं कोडं उलगडेल.

३. वर दिलेले दाबाचे आकडे फळ्यावर लिहा आणि वर्तमानपत्रातलं आजचं तापमान व आर्द्रता घेऊन घटातली आर्द्रता काढायला सांगा.

हायड्रोजन वायू गोळा करून पेटवण्याचा प्रयोग मात्र घरी किंवा वर्गात करू नका.

पालकांचे दोन प्रश्न

"गाडीतलं पाणी पिता येईल का?" ते जवळजवळ ऊर्ध्वपातित पाण्यासारखं असतं, पण नळ्या आणि यंत्रातून आलेलं असल्यामुळे शुद्धीकरणाशिवाय पिऊ नये.

"आपल्याकडे आधीच पाण्याची बोंब, मग हायड्रोजन परवडेल का?" रास्त प्रश्न आहे. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन बनवायला किमान नऊ लिटर शुद्ध पाणी लागतं, प्रत्यक्षात त्याहून जास्त. गाडीतून नऊ लिटर परत मिळतं खरं, पण रस्त्यावर वाफ होऊन. म्हणजे पाणी नष्ट होत नाही, त्याची जागा बदलते. हायड्रोजनचा कारखाना जिथे असेल तिथलं पाणी जाणार. भारत सरकारने ४ जानेवारी २०२३ ला राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेला मंजुरी दिली आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजनचं लक्ष्य ठेवलं. असा कारखाना मराठवाड्यात येतो म्हटलं तर पहिला प्रश्न 'पाणी कुठलं?' हाच असायला हवा, आणि तो विचारण्याइतकं गणित आपल्या मुलांना यायला हवं.

वाळूज, शेंद्रा, बिडकीन या आपल्याच पट्ट्यात वाहन उद्योग आहे. उद्या या गाड्या आल्या तर रेडिएटर, पंप, झडपा, सेन्सर बनवणारे आणि दुरुस्त करणारे हात लागतीलच. तेव्हा पुढच्या विज्ञान प्रदर्शनात कुणी "फक्त पाणी निघतं" असा तक्ता आणला, तर त्याला शाबासकी द्या आणि लगेच विचारा : "किती निघतं? आणि मे महिन्यात ते आत कसं टिकवशील?"